दुपट्ट्याखालची चार बोटं

गुरुजी,

बैलाचे दात पाहिल्याशिवाय मी आजवर सौदा लावला नाही, आणि शेवटचं पान पाहिल्याशिवाय पुस्तक घरी नेत नव्हतो. या दुसऱ्या सवयीवरूनच आपली ओळख झाली, आणि पहिलं भांडणही. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे परतले. माझं भांडण मात्र जागच्या जागी उभं आहे, म्हणून लिहायला बसलो. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, हे शाळेतल्या शोकसभेत सांगून झालं. ते मी लिहिणार नाही. माझं तुमच्याशी काम वेगळं आहे.

सोनाळ्याच्या चावडीशेजारची ती खोली, त्यातली पुस्तकांची दोन कपाटं आणि टेबलावर खळ लावून पुठ्ठे चिकटवणारे तुम्ही. मी ऊन टाळायला आत शिरलो होतो. तेव्हा मी नुकता कुठे आपल्या पायावर उभा राहत होतो. चौथीनंतर शाळा सुटली, दुसऱ्यांची गुरं हाकत बाजारात आलो आणि हाकता हाकता दलाल झालो. विकणारा एकीकडे, घेणारा एकीकडे, आणि मधे मी. आवाज मोठा, राग नाकावर. कपाटातलं एक पुस्तक ओढलं आणि सरळ शेवटचं पान उघडलं.

"काय करून राह्यला बे?" तुम्ही विचारलंत.

"दात पाह्यतो."

"कोनाचे?"

"पुस्तकाचे. खुनी कोन हाय ते आधी पाह्यलं म्हंजे कोनी फसवत नाई."

"मंग बाकीचं वाचतं कायले?"

"एवढ्या लोकायच्या मधात तो लपला कसा, ते पाह्याले."

तुम्ही हातातला कुंचला खाली ठेवलात आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलंत. मला वाटलं, आता हा मास्तर हाकलणार. तुम्ही म्हणालात, "नाव काय तुझं?" मी म्हणालो, "नामदेव." तुम्ही म्हणालात, "नामदेवा, एका वेळी एकच पुस्तक भेटते."

झालं. मी सौद्याला बसलो. मी आठ-आठ दिवस बाजार फिरतो, एक पुस्तक मला दोन दुपारी पुरत नाही, दोन द्या. तुम्ही नाही म्हणालात. मी कारणं बदलली, आवाज चढवला, शेवटी उठून निघालो. बाजारात उठून निघालेल्या माणसाला समोरचा तिसऱ्या पावलाला हाक मारतो. मी उंबरा ओलांडला, चावडीच्या ओट्यापर्यंत गेलो. हाक नाही. मागे वळून पाहिलं तर तुम्ही पुन्हा खळ लावत होता. शेवटी मीच परत आलो. एवढ्या वर्षांत मी स्वतःहून परत फिरलो, असा तो एकच सौदा.

"ने दोन," तुम्ही म्हणालात. "पन माहा एक नियम हाय." आणि टेबलाच्या खणातून सुई काढून तुम्ही दोन्ही पुस्तकांचं शेवटचं प्रकरण तीन-तीन टाके घालून शिवून टाकलंत. "आधी येऊन मले खुनी सांगायचा. बरोबर असलं तर धागा मी कापीन. चुकलं तर पुन्हा वाचायचं."

मी म्हणालो, हा जुलूम आहे. तुम्ही म्हणालात, हो.

पुढच्या वेळी अडचण आली. मी खुनी सांगायला आलो, तर खोलीत उत्तम शिंपी बसलेला. त्याच्या हातात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत. मी तोंड उघडणार तोच तो कानात बोटं घालून ओरडला, "नामदेवभाऊ, सांगू नका, मी तिसऱ्या प्रकरनात हावो अजून." तेव्हा मी गळ्यातला दुपट्टा काढला. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात, आणि त्याच्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. आपण ठरवलं की पुस्तकात संशयित ज्या क्रमाने येतात तेवढी बोटं. तिसरा असला तर तीन. तुमचा खडूने खरखरीत झालेला हात दुपट्ट्याखाली आला, मी तीन बोटं दाबली. तुम्ही धागा कापलात. उत्तम आपल्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी तं हेडी झाले." हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. तुम्हाला ते फार आवडलं होतं. मागाहून कोणी नवा वाचक आला की तुम्ही त्याला आधी दुपट्टा आहे का, हे विचारायचे.

मी बहुतेक वेळा बरोबर निघायचो. तुम्ही विचारायचे, कसं ओळखलं? मी सांगायचो की जो माणूस विचारल्याहून जास्त सांगतो, त्याच्या बैलाच्या खुराला काहीतरी झालेलं असतं. तुम्ही हसायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. चौथी शिकलेल्या माणसाचं बोलणं वहीत लिहून घेणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

त्या दोन कपाटांनी मला काय दिलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही नियम आणखी कडक केले असते. ते मिठागरावरच्या मुनिमाच्या खुनाचं पुस्तक, ज्यात खुनी पहिल्याच पानावर पाणी पाजतो. तो बंदरावरचा हेर, जो पक्षी मोजणारा म्हणून गावोगाव फिरतो आणि शेवटी त्याला खरोखरच पक्ष्यांची ओढ लागते. खामगावच्या रद्दीतून आलेली, पाठ उसवलेली, कोणाच्या तरी हळदीची बोटं उमटलेली ती पुस्तकं. शहाणी माणसं त्यांना टाइमपास म्हणतात. माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी सांगतो की आधी तीच वाच. माणूस खोटं कसं बोलतो हे मी बाजारात शिकलो होतो. खोटं बोलायची वेळ त्याच्यावर का येते, हे मला त्या पुस्तकांनी शिकवलं. तिथून माझा आवाज थोडा उतरला. बायको म्हणते, थोडाच.

यावरूनच आपला तो जुना वाद. मी म्हणायचो, खुनी कळला की पुस्तक संपलं. विकलेल्या बैलाला कोणी चारा घालतं का? तुम्ही म्हणायचे, "खुनी ठाऊक असून जे पुन्हा वाचावं वाटते, तेच वाचन्यासारखं." मी म्हणायचो, हा रिकामटेकड्या माणसाचा हिशेब झाला. तुम्ही म्हणायचे, "तू पेन्शनीत आला की सांगजो." दलालाला पेन्शन नसते गुरुजी, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आणि ते लढाईचं पुस्तक. चीनची लढाई चालू होती त्या हिवाळ्यातली ही आठवण. माझा मावसभाऊ फौजेत होता आणि दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं. बर्फात अडकलेल्या पलटणीची ती गोष्ट तुम्ही स्वतः माझ्या हातात दिलीत. शेवटचं प्रकरण त्याचंही शिवलेलं. मी म्हणालो, "यात खुनी कोन?" तुम्ही म्हणालात, "यात तसं नाई. यात घरी कोन परत येते, ते सांगजो."

देऊळघाटच्या बाजाराला गेलो होतो, तिथे लिंबाखाली बसून ते वाचलं. सहा जवान होते. कोणाला वाचवायचं आणि कोणाला नाही, हे मला ठरवता येईना. परत आलो, दुपट्टा टाकला, तुमचा हात हातात घेतला आणि एकही बोट दाबलं नाही. तुम्ही हात सोडवून घेतला नाहीत. मग डाव्या हाताने कात्री घेऊन धागा कापलात. उत्तर न घेता कापलेला तो एकच धागा. मावसभाऊ पुढे महिनाभराने घरी आला. पण त्या दुपारी तुम्ही माझा हात धरून बसला होता, हे मी विसरलेलो नाही. पुढे एवढं सगळं झालं, मी तुमच्यावर रागावलो, तेव्हाही ते विसरलो नाही.

आता त्या रागाचं बोलतो.

निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. डोंगरावरचा बंगला, जेवणाच्या टेबलावर दिवे जातात, आणि येतात तेव्हा म्हातारा कर्नल मरून पडलेला. पाच संशयित होते. पुतण्या, स्वयंपाकी, टंकलेखक, डॉक्टर आणि कर्नलची बहीण. ते मला देताना तुम्ही म्हणालात, "हे सावकाश वाच." असं तुम्ही कधी म्हणत नव्हता. मी दोनदा वाचलं. मला शंकाच राहिली नाही. डॉक्टर. बोलावणं जायच्या आधीच तो बॅग घेऊन दारात उभा असतो. न बोलावता आलेल्या माणसाचा हिस्सा आधीच ठरलेला असतो, हे मी बाजारात शंभरदा पाहिलं आहे.

त्या दिवशी खोली भरलेली होती. मी दुपट्टा टाकला आणि चार बोटं दाबली.

तुमचा हात अडखळला. पुढे गेला, मागे आला. मी आयुष्यभर हात वाचले आहेत गुरुजी, आणि त्या हातात काहीतरी खोट आहे, हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही म्हणालात, "नाई. पुन्हा वाच."

"काऊन?"

"मले पटत नाई."

"पटत नाई का चूक हाय? दोन गोष्टी येगळ्या हायेत."

तुम्ही पुस्तक आपल्याकडे ओढलंत.

"धागा कापा न दाखवा मले."

"कापनार नाई."

मी दुपट्टा ओढून घेतला. सगळ्यांसमोर म्हणालो, "बाजारात असं करनाऱ्याले लबाड म्हनते, गुरुजी." उत्तम शिंप्याने मान खाली घातली. आणि तुम्ही, जे कधी आवाज चढवत नव्हता, शांतपणे म्हणालात, "नामदेवा, तू मानसं पाह्यतच नाईस. तू निसते दात पाह्यतं."

ते वाक्य मी पाच वर्षं जवळ बाळगलं. मला बाजारात लोकांनी याहून वाईट बोललेलं आहे, आणि मीही त्यांना बोललो आहे. पण ज्या माणसाने माझं बोलणं वहीत लिहून घेतलं, त्यानेच असं म्हणावं? मी त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. निळं पुस्तकही कपाटातून नाहीसं झालं, असं उत्तमने सांगितलं. मी म्हणालो, चोराने चोरीचा माल लपवला.

आणि तरी आठवड्याभरात तुमच्या घरच्या काकूंच्या हातून माझ्या घरी दोन पुस्तकं आली. शेवटची प्रकरणं शिवलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी ती दोन दिवस ओसरीवर तशीच पडू दिली. तिसऱ्या दिवशी वाचायला घेतली, कारण राग तुमच्यावर होता, पुस्तकांवर नव्हता. परत पाठवताना सुतळीच्या तुकड्याला गाठी मारून पानात ठेवल्या. दुसरा संशयित असला तर दोन गाठी. बरोबर निघालं की ते पुस्तक धागा कापून पुन्हा माझ्याकडे यायचं, चुकलं की टाके तसेच ठेवून. पाच वर्षं आपण असे बोललो. तुम्ही एकही खेप चुकवली नाहीत. माझं बोलणं बंद, आणि तुमचं देणं चालू. याला काय म्हणायचं, ते मला तेव्हा सुचलं नाही. आज सुचतं, पण ते तोंडावर म्हणायची सोय राहिली नाही.

तुम्ही आजारी आहात हे कानावर आलं होतं. मी कोणालाही विचारलं नाही, की गुरुजी कसे आहेत. मग काकूंचा निरोप आला. माझी बायको दारातच म्हणाली, "तुमाले बोलावलं हाय त्यायनं. दुपट्टा घेऊन ये म्हने."

मी म्हणालो, "एका हाकेवर जाऊ का मी? आणखीन एकदा येऊ दे बोलावनं."

"हे बजार नोहे," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. दुसरं बोलावणं आलं ते उत्तम शिंप्याच्या तोंडून, आणि त्यात दुपट्ट्याचा उल्लेख नव्हता.

तेरवीला मी पंगतीत वाढलं. बोललो कोणाशीच नाही. निघताना काकूंनी हाक मारली आणि निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "भाऊ, हे तुमाले द्या म्हने. धागा तुमीच कापा म्हने." टाके तेच होते, पाच वर्षांपूर्वीचे, तीन. धागा पिवळा पडला होता.

घरी आलो. शेतावरची सुरी घेतली. खरं सांगतो, हात धुऊन बसलो. मनात एकच होतं, की चार बोटं निघावीत आणि मी तुमच्या फोटोसमोर जाऊन म्हणावं, बघा.

धागा कापला. दोनशे बाराव्या पानावर इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, दार लावतो आणि म्हणतो, खुनी या खोलीत आहे. तिथे पान संपतं. दोनशे तेरावं पान नाही. पुढे काहीच नाही. पुस्तक जाड वाटावं म्हणून वहीचे कोरे कागद त्याच मापात कापून आत शिवलेले.

मग हसायला आलं. बायको आतून पाहायला आली. ज्या माणसाने मला शेवटचं पान पाहू नये म्हणून नियम केला, त्यानेच स्वतः शेवटचं पान न पाहता रद्दीवाल्याकडून पुस्तक घेतलं होतं. तोंड न उघडता घेतलेला बैल. आणि त्या भांडणाच्या चारच दिवस आधी मी त्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "गुरुजी, तुमाले तं कोनीबी म्हातारा बैल जवान म्हनून इकीन." कोणत्या तोंडाने तुम्ही कबूल करणार होता?

तुमचा हात कसा अडखळला होता, ते मला आता नीट आठवलं. तसा हात मी बाजारात पाहिलेला आहे. जो दुसऱ्याचा बैल विकायला घेऊन येतो, त्याला भाव विचारला की त्याचा हात तसा मागे-पुढे होतो. कारण भाव त्यालाच ठाऊक नसतो. मी त्या हाताला लबाड म्हणालो. तो अडलेला हात होता. म्हणून तुम्ही म्हणाला होता, सावकाश वाच. तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हता. तुम्ही मला विचारत होता. सगळ्या गावाला शिकवलेल्या माणसाने, जे त्याला सुटत नव्हतं ते एका चौथी पास दलालाला विचारलं होतं, आणि मी ते ओळखलं नाही. मी खरंच दात पाहत होतो.

सगळे कागद कोरे नव्हते. पहिल्या पानावर मधे रेघ मारून तुम्ही दोन बाजू केल्या आहेत. डावीकडे 'नामदेवचे म्हणणे', उजवीकडे 'माझे म्हणणे'. डावी बाजू लांब आहे. त्या दिवशी मी ओरडून जे जे बोललो ते सगळं तुम्ही लिहिलं आहे. डॉक्टरची बॅग, कोरडे बूट, दिवे जाण्याआधी त्याने घड्याळ पाहिलं ते. माझी बाजू माझ्यापेक्षा तुम्ही नीट मांडलीत. उजवीकडे तुमचे तीनच मुद्दे. त्यातला एक स्वतःच खोडला आहे, आणि समोर लिहिलं आहे, नामदेवच्या दुसऱ्या मुद्द्याने हा पडतो. खाली एक ओळ आहे. 'पाने मिळेपर्यंत निकाल राखून.' खामगावला, अकोल्याला कोणाकोणाला तुम्ही पानांसाठी पत्रं घातलीत, त्यांची नावंही आहेत. प्रत्येक नावापुढे 'नाही'.

तुमचा संशय बहिणीवर होता. पाच बोटं. तुम्ही लिहिलं आहे की भाऊ मरून पडला असताना ती एकटीच विचारत नाही, की हे कसं झालं. विचारत नाही, कारण तिला ठाऊक आहे.

मुद्दा चांगला आहे गुरुजी. पाच वर्षांपूर्वी सांगितला असतात तर मी कदाचित चार बोटांवरून उतरलो असतो. तुमचं हे वाचल्यावर मी ते पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं, शेवट नाही हे ठाऊक असून वाचलं. तेवढा वाद तुम्ही जिंकलात, लिहून घ्या. पण बहिणीपाशी मी अडलो. ती दारात उभी आहे, हात पदरात गुंडाळलेले, कोणाकडे पाहत नाही, काही विचारत नाही. पहिल्या दोन वेळा मी तिच्यावरून पुढे गेलो होतो. या वेळी जाता आलं नाही.

काल बाजार असूनही गेलो नाही. दुपारी बसून डाव्या बाजूला, तुमच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात एक मुद्दा वाढवला. 'माणूस न विचारण्याचं दुसरंही कारण असतं. उत्तर ऐकवणार नाही, म्हणूनही तो विचारत नाही. हे मला आता ठाऊक आहे. म्हणून बहिणीने खून केलेला नाही.'

त्याच्या समोरची उजवीकडची ओळ रिकामी सोडली आहे. तुमच्याकडे याला उत्तर असणार. पुस्तक मी शिवून कपाटात ठेवलं, तीन टाके, तुमच्यासारखेच. सुई जवळच आहे, आणि पुस्तकावर दुपट्टा टाकून ठेवला आहे.